ट्रिमचं अख्खं युनिट बदलण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. देवबागला वीस फुटी फायबरची बोट, मागे ९० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, तीन दांड्यांचं पॉवर ट्रिम, म्हणजे बटणाने इंजिन वरखाली करणारी तेलाच्या दाबावरची यंत्रणा. बटण दाबल्यावर मोटर वाजते, इंजिन निम्म्यापर्यंत उचलतं आणि थांबतं. संध्याकाळी ओढूनताणून वर करून ठेवलं तर सकाळपर्यंत खाली आलेलं असतं. संगमाजवळ उथळात इंजिन वर घेऊन चाललात आणि जरा रेस दिली की ते आपोआप खाली बसतं. अधूनमधून बटणावर नुसता ‘टक’ आवाज येतो, बाकी काही नाही. आणि मेकॅनिकने सांगितलंय की पंपासकट अख्खं युनिट नवं घ्या.

घेऊ नका, निदान अजून तरी नको. तुम्ही चार तक्रारी एका दमात सांगितल्यात, पण हे चार वेगळे रोग नाहीत. त्यातली एक तर बिघाडच नाही, दोघींचं मूळ तेलात आहे, आणि ‘टक’ विजेच्या बाजूचा आहे.

बिघाड नसलेली गोष्ट आधी बाजूला काढू. तीन दांड्यांच्या रचनेत दोन बाजूंच्या आखूड, जाड दांड्या इंजिनाला ट्रान्समपासून, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीपासून, ढकलतात. त्यांची धाव साधारण पहिल्या वीस अंशांपर्यंत असते. त्याला ट्रिमची पट्टी म्हणा. बोट धावताना तुम्ही याच पट्टीत खेळता. त्यापुढे, इंजिन पाण्याबाहेर काढेपर्यंत, मधला लांब टिल्ट सिलिंडर एकटाच काम करतो. पंख्याचा जोर इंजिनाला पुढे, म्हणजे ट्रान्समकडे रेटतो. ट्रिमच्या पट्टीत हा रेटा दोन जाड दांड्या झेलतात. वरच्या पट्टीत तो एकट्या मधल्या सिलिंडरवर येतो, आणि तिथे दाब ठरावीक हद्दीपलीकडे गेला की सुटकेची झडप उघडते आणि इंजिन खाली, जाड दांड्यांवर येऊन बसतं. हे मुद्दाम तसं केलेलं असतं, नाहीतर ब्रॅकेट नाहीतर ट्रान्सम तुटेल. कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचे पट्टे दर हंगामाला जागा बदलतात, त्यामुळे इंजिन उचलून चालावंच लागतं हे मान्य. पण उचललेल्या इंजिनावर बोट हळूच चालवायची. एक पाहा मात्र: इंजिन थंड करणारं पाणी आत घेणारं तोंड पाण्याखाली आहे ना आणि मागची पाण्याची धार चालू आहे ना. उथळात ट्रिमपेक्षा इम्पेलर, म्हणजे ते पाणी खेचणारी पंपाची चाकं, जास्त मरतात.

आता ‘निम्म्यावर थांबतं’. मोटर वाजत राहते म्हणालात, म्हणजे वीज पोचतेय. मला हवाय तो मोटरचा आवाज. निम्म्यावर आल्यावर आवाज हलका आणि चढा होतो, मोटर मोकळी फिरल्यासारखी? की जड होतो, कण्हल्यासारखा? हलका आवाज म्हणजे पंपाला ढकलायला तेल नाही, किंवा ढकललेलं तेल दुसरीकडून परत ट्रिमच्या तेलाच्या टाकीत जातंय, किंवा मोटर आणि पंपामधला जोड तुटलाय. जोड तुटला असता तर इंजिन जराही उचललं नसतं, तेव्हा ती शक्यता तुमच्याकडे नाही. जड आवाज म्हणजे दाब तयार होतोय पण इंजिन अडकलंय: इंजिन जिच्यावर झुलतं ती टिल्टची नळी गंजून घट्ट झालीय, पिनेला ग्रीस नाही, किंवा दांडी वाकलीय. तसं असेल तर हाताने उचलतानाही ते अडकेल.

निम्म्यावरच का थांबावं, याचं कारण साधं आहे. सिलिंडरमधला दांडा बाहेर जातो तेव्हा पिस्टनच्या खालची पूर्ण जागा तेलाने भरावी लागते. वरच्या बाजूने परत येणारं तेल मात्र कमी असतं, कारण तिथली काही जागा दांड्यानेच व्यापलेली असते. ही तफावत टाकीतून भरून निघते. म्हणजे इंजिन जसजसं वर जातं तसतशी टाकी रिकामी होत जाते. तेल कमी असलं की खालच्या अर्ध्या धावेत काही कळत नाही, आणि मग अचानक पंप हवा ओढायला लागतो. ‘अर्ध्यापर्यंत झकास, पुढे नाही’ असं कोणी सांगितलं की मी पहिल्यांदा तेलाच्या बुचाकडे जातो.

ते बूच उघडायची एक पद्धत आहे आणि ती मोडायची नाही. इंजिन पूर्ण वर असलं पाहिजे, आणि ते वर अडकवून धरणारी टेकूची कडी लावलेली असली पाहिजे. इंजिन खाली असताना बूच काढलं तर आतला दाब तेल तोंडावर उडवतो. तुमचं इंजिन पूर्ण वर जात नाही, तेव्हा मॅन्युअल झडप (तेलाचा दाब सोडणारा स्क्रू, त्याबद्दल पुढे) सैल करून दोघातिघांनी ते हाताने वर उचला, कडी लावा, वरून दोरखंडानेही बांधा, आणि झडप परत घट्ट करा. दीडशे किलोंच्या वरचं वजन आहे. ज्याचा हात ब्रॅकेटमध्ये आहे त्याने दोरावर विश्वास ठेवावा, मित्रावर नाही. मग बूच हळूहळू सोडा. तेल बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत दिसलं पाहिजे.

भरायचं काय, यावर बंदरावर नाना मतं ऐकायला मिळतात. इंजिनाच्या पुस्तिकेत लिहिलेलं ट्रिम फ्लुइड मिळालं तर उत्तम. न मिळाल्यास गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं डेक्सरॉन जातीचं तेल बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांना चालतं, आणि ते कुडाळ-सावंतवाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातही मिळतं. ब्रेक ऑईल कधीही नाही. ते या सिलांच्या रबराला फुगवून मऊ करतं आणि मग खरोखरच अख्खं युनिट बदलावं लागतं. तुमच्या आधी कोणी ‘हायड्रॉलिकच आहे ना’ म्हणून ब्रेक ऑईल ओतलंय का, हे त्या मेकॅनिकला नीट विचारा.

बूच उघडलं की बोटावर थेंब घेऊन बघा. स्वच्छ लाल किंवा पिवळट असेल तर ठीक. दुधाळ असेल तर खारं पाणी आत गेलंय, बहुधा दांड्यांच्या तोंडाच्या सिलांमधून, आणि मग नुसती भर घालून भागणार नाही. सगळं तेल काढून, नवं भरून, वरखाली करून, पुन्हा काढून, दुधाळपणा जाईपर्यंत हे करावं लागेल. चमकी दिसली तर पंपाचे गिअर झिजलेत, आणि त्या दिवशी मी तुमच्या मेकॅनिकच्या बाजूने बोलेन.

ही यंत्रणा बंद आहे, तेल इंजिनऑईलसारखं जळून संपत नाही. कमी झालं असेल तर ते कुठेतरी गेलंय. सकाळी बोट शांत पाण्यात असताना ट्रान्समच्या मागे इंद्रधनुषी तवंग दिसतो का? दांड्यांच्या मुळाशी, बुचाच्या ओ-रिंगपाशी (रबरी कडीपाशी), नळ्यांच्या जोडांवर कोरडं फडकं फिरवून पाहा. कुठेच ओल नसेल तर ट्रिम मोटर काढून तिच्या आत पाहा. मोटर आणि पंपामधलं सील गेलं की तेल मोटरमध्ये शिरतं, ब्रशांच्या कोळशात मिसळून काळा चिखल होतो, आणि ‘टक’ आवाजाची तक्रार तिथूनही सुरू होऊ शकते.

तेल भरल्यावर लगेच निकाल लावू नका, आत हवा आहे. इंजिन पूर्ण वर, पूर्ण खाली, असं चारपाच वेळा करा. दर फेरीला थोडं थांबा, वर असताना तेल बघून भर घाला. बटण सलग दाबून बसू नका. ही मोटर थोड्या थोड्या वेळासाठी बनवलेली असते आणि काही मोटरींत उष्णतेने तुटणारा ब्रेकर असतो. तो तुटला की मोटर मेली असं वाटतं, आणि थोड्या वेळाने ती आपली आपण जिवंत होते.

आता रात्रभरात खाली येण्याचं. इथे बहुतेक जण पिस्टनच्या सिलांना दोष देतात. जरा विचार करा. इंजिन खाली यायचं तर दांडा आत जायला हवा. दांडा आत गेला की सिलिंडरच्या आतली एकूण जागा कमी होते. तेल दाबून लहान होत नाही. म्हणजे जितका दांडा आत, तितकं तेल सिलिंडरच्या बाहेर पडलंच पाहिजे. पिस्टनचं सील गळत असलं तरी तेल खालून वर जाईल, पण बाहेरची वाट बंद असेल तर इंजिन जागच्या जागी राहील. तेव्हा बाहेर तवंग नसेल तर प्रश्न हा की टाकीकडे जाणारी कुठली वाट उघडी राहिलीय. बहुतेक रचनांत अशा मुख्य वाटा दोन: मॅन्युअल झडप, आणि पंपाच्या ठोकळ्यातली वर जाणाऱ्या तेलाची एकदिशा झडप.

मॅन्युअल झडप म्हणजे गाडीच्या जॅकचा सोडायचा स्क्रूच. ब्रॅकेटच्या भोकातून रुंद चपट्या स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा. वीज गेली तर इंजिन हाताने हलवता यावं म्हणून तो दिलेला असतो, आणि ज्याने शेवटचं इंजिन हाताने उचललं त्याने तो अर्धवट घट्ट केलेला असतो. गंजलेल्या खाचेत छोटा स्क्रूड्रायव्हर घसरतो, हाताला वाटतं आवळला गेला, पण बसलेला नसतो. तो पूर्ण बसवा, मात्र लोखंडी कांब लावून पिळू नका, टोकाची बैठक चिरडते. तेवढ्याने थांबलं नाही तर इंजिन टेकूवर ठेवून, दांड्यांवरचा दाब सोडून स्क्रू पूर्ण बाहेर काढा. त्यावर बारीक ओ-रिंगा असतात. एखादी कापलेली, चपटी झालेली किंवा वाळूने ओरखडलेली दिसली तर तुमचा चोर सापडला. ओ-रिंग मात्र त्या मॉडेलचीच मागवा. मोटारपार्टच्या डब्यातली ‘जवळपास तशीच’ बसवली तर महिनाभर टिकेल आणि ऐन दिवाळीच्या गर्दीत जाईल.

तरीही उतरत असेल तर एकदिशा झडप. ठोकळा खोलावा लागतो, आणि इथे घाई करणारे लोक युनिटचा खरंच नाश करतात. झडपेच्या बैठकीवर रबराचा कण, वाळूचा कण किंवा चिंधीचा धागा अडकला एवढंच बहुतेकदा असतं. म्हणून पुसायला सुती चिंधी नको, धागा न सोडणारा कागद घ्या. नव्या तेलातच धुवा. ब्रेक क्लीनरचे फवारे मारले तर रबर खराब होतं. किनाऱ्यावर वाऱ्यात खोलू नका, चार भिंतींच्या आत टेबलावर खोला, आणि कुठली स्प्रिंग कुठे होती याचा फोटो काढत जा, कारण वरच्या आणि खालच्या बाजूच्या स्प्रिंगा दिसायला जुळ्या असल्या तरी ताकद सारखी नसते.

मग पिस्टनची तपासणी कधी? जेव्हा रिव्हर्स घेताना इंजिन मागे फेकल्यासारखं वर उठतं, किंवा वेगात असताना रेस सोडली की हेलकावा खाऊन बाहेर येतं तेव्हा. पिस्टनमध्ये धक्क्याच्या छोट्या झडपा असतात. पाण्याखालच्या खडकावर किंवा ओंडक्यावर इंजिन आपटलं तर त्या उघडतात, इंजिन वर उसळतं आणि मोडण्यापासून वाचतं. त्याखाली एक मोकळा पिस्टन आधीची जागा धरून राहतो, म्हणून इंजिन परत पूर्वीच्याच कोनावर येऊन बसतं. या झडपा नीट बसल्या नाहीत तर पंख्याची उलटी ओढ इंजिनाला वर खेचते. तुम्ही रिव्हर्सबद्दल काहीच लिहिलं नाही. तसं होत नसेल तर सिलिंडर उघडायचं कारण आज तरी नाही, आणि ‘अख्खं युनिट गेलं’ म्हणायलाही नाही.

राहिला ‘टक’. आपल्या किनाऱ्यावर हायड्रॉलिक अर्ध्याआधी विजेचा अर्धा भाग मरतो, हे माझं मत. खारी हवा, उन्हाळाभर पाण्याचे फवारे, आणि मग पावसाळ्यात बंद बोटीवर ताडपत्रीखाली कोंडलेला दमटपणा. तेल स्वतःच्या धातूला जपतं, तांब्याच्या तारेला जपणारं कोणी नसतं.

टक म्हणजे रिले, म्हणजे बटणाच्या बारीक प्रवाहाने मोटरचा मोठा प्रवाह जोडणारा स्विच, खेचली गेली. म्हणजे बटण, त्याचा फ्यूज आणि बटणापासूनची बारीक तार ठीक आहे. पुढे मोठा प्रवाह मोटरपर्यंत पोचत नाही, किंवा पोचूनही मोटर फिरत नाही. मल्टिमीटर घ्या. आधी बॅटरीच्या टोकांवर: काही चालू नसताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी, बटण दाबल्यावर ती साडेदहाच्या खाली कोसळत असेल तर बाकी सगळं सोडून बॅटरी आणि तिची टोकं बघा. मग मोटरच्या दोन जाड तारा, निळी आणि हिरवी. अनेक इंजिनांत वर नेणारी तार निळ्या छटेची आणि खाली आणणारी हिरव्या छटेची असते, मोटरकडेही आणि बटणाकडेही. जोड न सोडता, मोटर जोडलेली असतानाच, ‘वर’चं बटण दाबून निळ्या आणि हिरव्यामध्ये मोजा. बॅटरीच्या जवळपास व्होल्ट आले आणि मोटर गप्प, तर दोष मोटरचा: ब्रश झिजलेत, नाहीतर आवरण गंजून आत पाणी गेलंय आणि चुंबकाची पट्टी सुटून रोटर अडकलाय. व्होल्ट आलेच नाहीत तर दोष मोटरच्या आधी. जोड सोडून मोजण्यात अर्थ नाही. तारेचा एक धागा शिल्लक असला तरी मोकळ्या टोकावर बारा व्होल्ट दिसतात, आणि भार आला की ते नाहीसे होतात.

इथली एक खोच सहसा कोणी तपासत नाही. ही मोटर उलटसुलट फिरते, म्हणून दोन रिले असतात. दोन्ही खेचलेल्या नसताना मोटरच्या दोन्ही तारा ऋण टोकाला जोडलेल्या असतात. ‘वर’ दाबलं की वरची रिले निळीला बॅटरीवर नेते, पण हिरवीला ऋण टोक मिळतं ते ‘खाली’च्या न खेचलेल्या रिलेच्या संपर्कातून. तो संपर्क काळा पडला तर इंजिन वर जात नाही, आणि माणूस वरची रिले बदलत बसतो. ‘वर’ दाबलेलं असताना हिरवी तार आणि बॅटरीचं ऋण टोक यांत मोजा. जवळपास शून्य हवं. तिथे व्होल्ट दिसले तर दोष दुसऱ्या रिलेत, किंवा दोघींच्या सामाईक अर्थिंगच्या तारेत. तुमचा टक अधूनमधून येतो, तेव्हा माझा संशय या अर्थिंगवरच जास्त आहे. बोल्ट काढून, घासून, परत आवळून त्यावर ग्रीस लावा. मग इंजिनाच्या कव्हरवरच्या बटणानेही करून पाहा. तिथून चालतं आणि हँडलवरून चालत नाही असं झालं तर हँडलच्या वळणावर तार आतल्या आत तुटलीय.

इंजिन किती वर आहे ते दाखवणारं गेज चुकीचं दाखवतं का, याची चिंता करू नका. त्याचा सेन्सर वेगळा, इंजिन हलण्याशी त्याचा संबंध नाही.

एक सवय मात्र आजपासून बदला. संध्याकाळी इंजिन वर करून टेकू लावलात की ते तसंच सोडू नका. तीन दांड्यांच्या इंजिनात टेकूची कडी लावल्यावर ‘खाली’चं बटण एकदा दाबायचं असतं. इंजिन टेकूवर राहतं आणि दोन्ही जाड दांड्या आत जातात. त्या बाहेर राहिल्या तर त्यांच्यावर शिंपले आणि चुन्याचे खडे धरतात, आणि सकाळी दांडी आत जाताना तेच सिलाची कड कापतात. पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, पण मालवण-तारकर्ली पट्ट्यात ते करणारी बोट मला क्वचितच दिसते. दांड्यांवर आधीच खडे दिसत असतील तर लाकडाच्या चपट्या काडीने काढा, पॉलिश पेपरने घासू नका. गोड्या पाण्याने धुताना दाबाचा फवारा सरळ सिलावर मारू नका. ब्रॅकेटच्या खालचा झिंकचा ठोकळा अर्धा उरला असेल तर बदला, कारण तो संपला की गंज मोटरच्या आवरणाकडे वळतो. बोट ट्रेलरवर नेताना इंजिन त्या कडीवर टेकवून नेऊ नका. ती कडी उभ्या बोटीसाठी आहे, खड्ड्यांसाठी नाही.

आता क्रम. आधी अर्थिंग आणि व्होल्ट, कारण ते फुकट आहे. मग मॅन्युअल झडप, मग तेल, मग हवा काढणं. एवढं झाल्यावर संध्याकाळी टेकू न लावता इंजिन पूर्ण वर ठेवा, बोट किनाऱ्यावर ओढलेली असू द्या, खाली कोणी झोपणार नाही हे बघा, आणि इंजिनाच्या खालच्या टोकापासून वाळूपर्यंतचं अंतर मोजून ठेवा. सकाळी परत मोजा. बोटभर उतरलं तर मी त्याकडे लक्ष देत नाही. वीतभर उतरलं तर झडपेच्या ओ-रिंगा. त्या बदलूनही तेवढंच उतरलं तर एकदिशा झडप. मला कळवताना तेलाचा रंग, हे अंतर, आणि निम्म्यावर आल्यावर मोटरचा आवाज हलका होतो की जड, एवढं लिहा. दुधाळ तेल किंवा चमकी निघाली तर मात्र बोट पाण्यात घालू नका, आधी तसं कळवा.